जुनारची गोणी

पहाटे साडेचारला आधी नळ वाजायचा. पाणी यायचं नाही, नुसती हवा यायची. पण त्या फुस्स आवाजानं आमच्या घरातला एक माणूस टुणकन उठून बादल्या मांडायला लागायचा. आयुष्याची तेहतीस वर्षं वीज मंडळात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर काठमांडूच्या खोऱ्यात पाण्याची पाळी सांभाळत होता. मी शाल गुंडाळून स्वयंपाकघरात जायचे आणि तेवीस मुलांचा भात टाकायचे.

ही गोष्ट २०१२-१३ सालची. मी शाळेतून निवृत्त झाले, हे मंडळातून. मुलगा-सून बंगळूरला. नाशिकच्या घरात दोन खुर्च्या आणि एक टीव्ही उरला होता. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, नेपाळमध्ये ललितपूर जिल्ह्यात एक बालगृह आहे, अनाथ मुलं आहेत, वडीलधारी माणसं हवी आहेत. आम्हाला काय, भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच, देव आपलेच. शिवाय त्या गावापासून जवळच गोदावरी नावाचं कुंड आहे. आपल्या नाशिकची गोदावरी तिथं प्रकट होते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा, आणि बारा वर्षांनी त्यांच्याकडेही मेळा भरतो, सिंहस्थासारखाच. हा देवाचाच कौल, असं मी म्हटलं. हे हसले, पण तिकिटं यांनीच काढली. आठ महिन्यांसाठी.

आता तिथला दिवस सांगते. साडेपाचला मुलं उठायची. एका खोलीत बारा, दुसरीत अकरा. तोंडं धुणं, वेण्या घालणं, उवा काढणं. उवांना तिकडे जुम्रा म्हणतात, पण नाव बदललं म्हणून त्या काही वेगळ्या वागत नाहीत! साडेनऊला पहिलं जेवण, डाळ-भात-तरकारी. दहाला शाळा. चारला परत आल्यावर चिउरा म्हणजे आपले पोहे. सातला पुन्हा डाळ-भात. सुट्टी रविवारी नाही, शनिवारी. त्या दिवशी सगळी वरात गावातल्या दगडी धारेवर आंघोळीला. खोऱ्यात पाण्याची अशी टंचाई, की मेलम्ची नदीचं पाणी काठमांडूला आणायची योजना मी तिथं असताना रोज ऐकत होते. ते पाणी शहरात पोचायला २०२१ साल उजाडलं.

वीजही तशीच. हिवाळ्यात दिवसाचे दहा-बारा तास अंधार. शहराचे सात गट पाडलेले, कुठल्या गटाची वीज कधी जाणार याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं. यांनी ते मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून लावलं. जन्मभर लोकांची भारनियमनावरून बोलणी खाल्लेला माणूस. इथं मुलं त्यांच्याभोवती जमून विचारायची, ‘‘बाजे, आज बत्ती कति बजे?’’ आणि हे घड्याळात बघून ऐटीत सांगायचे. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. हे म्हणायचे, ‘‘बघ, इथं वीज नाही, पण वेळ आपल्याआधी येते.’’

भाषेनं सुरुवातीला गंमत केली. पहिल्याच दिवशी मी आमटी केली. एक पोरगा भुरका मारून म्हणाला, ‘‘मिठो छ!’’ माझ्या पोटात गोळा आला, मीठ जास्त पडलं की काय? नंतर कळलं, मिठो म्हणजे चवदार. थंडीत मुलं ‘घाम, घाम’ करत अंगणात पळायची. घाम म्हणजे ऊन. पण ‘माया’ला त्यांच्याकडेही मायाच म्हणतात. आणि अनाथाला ‘टुहुरो’. हा शब्द मी फार उशिरा शिकले.

मुलांची नावं मी इथं लिहीत नाही. ती आता मोठी झाली आहेत, त्यांची गोष्ट सांगायचा हक्क त्यांचा आहे. एक चार वर्षांचा होता, सगळ्यांत धाकटा. आम्ही गेलो त्या संध्याकाळी रिक्षेतून उतरतो न उतरतो तोच तो धावत आला आणि माझ्या कमरेला मिठी मारून ‘आमा’ म्हणाला. माझे डोळे भरून आले. मी यांना म्हटलं, ‘‘बघा, याला कळलं.’’ त्यानंतर दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी पाहुणे यायचे. युरोपातली, ऑस्ट्रेलियातली कॉलेजची मुलंमुली, पाठीवर मोठ्या पिशव्या. दोन आठवडे राहायची, भिंती रंगवायची, इंग्रजी गाणी शिकवायची, फोटो काढायची, जाताना रडायची. आणि धाकटा त्या प्रत्येकाच्या कमरेला तशीच मिठी मारायचा. मला जरा मत्सर वाटायचा. त्यापलीकडचं काही सुचलं नाही. तेहतीस वर्षं मुलं शिकवलेल्या बाईला सुचायला हवं होतं.

दसऱ्याला तिकडे दसैं म्हणतात. तांदूळ, दही आणि लाल रंग कालवून टिळा करतात, कानामागे जवाचे पिवळे अंकुर खोचतात. टिळा लावायचा तो घरातल्या वडीलधाऱ्यांनी. त्या दिवसांत सगळी काठमांडू रिकामी होते, माणसं टपावर बसून गावी जातात, टिळ्यासाठी. आमच्या घरातलं मात्र कुणीच कुठं गेलं नाही. आम्हा दोघांना गादीवर बसवलं आणि तेवीस मुलं रांगेनं आली. मी प्रत्येकाच्या कपाळाला टिळा लावला, दहा-दहा रुपये दिले. त्या रात्री नाशिकला फोन करून मी मुलाला सांगितलं की, जन्माचं सार्थक झालं.

महिना-सव्वा महिन्यानं, मंगसिरच्या थंडीत, ती बाई आली.

बालगृहाचे संचालक त्या दिवशी बँकेच्या कामाला शहरात गेले होते. एरवी फाटक तेच उघडायचे. त्या दिवशी ते यांनी उघडलं. बाहेर एक तमाङ बाई उभी. पायांत प्लॅस्टिकची चप्पल, डोक्याला पट्टा, पट्ट्याला गोणी. रामेछापहून आली होती. बस, मग चालणं. गोणीत जुनार होते. जुनार म्हणजे आपल्या मोसंबीची सख्खी बहीण. रामेछाप-सिंधुलीकडचं ते प्रसिद्ध फळ. तिनं एका मुलीचं नाव घेतलं. आमची नऊ वर्षांची, वर्गात पहिली येणारी, माझी उजवा हात असलेली पोर.

पोर शाळेतून आली. फाटकात थबकली. धावली नाही. माझ्या मागं येऊन माझ्या शालीचं टोक धरून उभी राहिली. ती बाईही पुढं झाली नाही. तिनं गोणीतून एक जुनार काढला, नखानं सोलला, फोडी वेगळ्या केल्या आणि तळहातावर ठेवून हात पुढं केला. बराच वेळ हात तसाच होता. मग पोर गेली, एक फोड उचलली आणि खाल्ली. दोघींची तोंडं मी शेजारी शेजारी पाहिली. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळी संचालक आले. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, ‘‘ही तिची दूरची फुपू. आत्या.’’ मी त्या बाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिनं मान हलवली, हो म्हणून. आपल्याच मुलीची आत्या व्हायला ती तयार झाली, कारण नाही म्हटलं तर पोरीची शाळा सुटेल अशी तिला भीती. रात्रीची बस नव्हती म्हणून ती स्वयंपाकघरात झोपली. मुलींच्या खोलीत तिला जायची परवानगी नव्हती. मी दिवा विझवायला गेले तेव्हा पोर जागी होती. भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘म टुहुरी होइन.’’ मी अनाथ नाही.

त्या रात्री आम्हा नवरा-बायकोचं पहिलं खरं भांडण झालं. हे म्हणाले, कागद बघायचे. मी म्हटलं, नको. आपण परके, आठ महिन्यांचे पाहुणे. पोर खातेपिते आहे, शिकते आहे, गावी जाऊन काय करेल, शेण काढेल. मी हे बोलले, आज लिहायला लाज वाटते. हे म्हणाले, ‘‘तुझ्या मुलाला कुणी नेऊन वर्गात पहिला आणला असता आणि तुला त्याची आत्या केलं असतं, तर?’’ मग दोघंही बोललो नाही. पहाटे नळ वाजला तेव्हा दोघंही जागेच होतो.

बाई उजाडता निघाली. तिला बसपर्यंत पोचवायला मी गेले, आणि वाटेत तिनं तुटक नेपाळीत सांगितलं. नवरा आजारानं गेला. तीन पोरं. चार वर्षांपूर्वी गावचाच एक ओळखीचा माणूस आला, म्हणाला, काठमांडूत होस्टेल आहे, इंग्रजी शाळा आहे, फुकट. फक्त कागद करायला पैसे लागतील. तिनं शेळ्या विकून पैसे दिले. ती अजूनही त्या जागेला ‘होस्टेल’च म्हणत होती. याआधीही एकदा येऊन फाटकावरून परत गेली होती.

यांनी कागद पाहिले. हिशेबाची वही आपल्याच हातात होती, फाइल शेजारीच होती. गावच्या कचेरीचा शिक्का असलेलं पत्र: आईवडील दोघेही मृत. तेवीस फाइलींपैकी किती खऱ्या, ते आम्हाला कळणं शक्य नव्हतं. पण पुढच्या दोन महिन्यांत, कधी वेणी घालताना, कधी गृहपाठ घेताना, मुलांनी आपणहून जे सांगितलं त्यावरून निदान चौदा जणांचं कुणी ना कुणी होतं. आई, बाप, आजी, थोरला भाऊ.

संचालकांना आम्ही विचारलं. ते चिडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, ‘‘मी पाटीवर ‘गरीब मुलं’ लिहिलं तर तुम्ही आला असतात? ‘अनाथ’ लिहिलं म्हणून आलात. तुम्ही आलात म्हणून ती जेवतात.’’ ह्या माणसानं मुलांना कधी उपाशी ठेवलं नव्हतं, मारलं नव्हतं. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पाटी वाचून येणारे आम्हीच होतो. आमच्यासाठी पाटी होती, पाटीसाठी मुलं. यांनी त्या रात्री जुन्या सवयीनं हिशेब मांडला. आम्ही दोघं महिन्याला राहण्याजेवण्याचे आणि ‘मदतीचे’ म्हणून जे देत होतो, त्यात गावातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वर्षभराच्या वह्या, गणवेश आणि दप्तर निघून वर पैसे उरले असते.

नंतर मी वाचत गेले, आणि कळलं की आमचं काही एकट्याचं दुःख नव्हतं. नेपाळात १९९६ ते २००६ असं दहा वर्षं माओवादी युद्ध चाललं. पोरांना लढाईत ओढून नेतील या भीतीनं हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांनी ती दलालांच्या हाती दिली, शिक्षणाच्या आशेनं. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली असाच स्वयंसेवक म्हणून गोदावरीजवळच्या एका बालगृहात आला. मुलं अनाथ नाहीत हे कळल्यावर तो हुम्लाच्या डोंगरांत चालत जाऊन त्यांचे आईबाप शोधत फिरला. आम्ही ज्या रस्त्यावरून रोज भाजी आणत होतो, त्याच रस्त्यावरची ही गोष्ट, आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता. नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत, म्हणजे पर्यटक जातात तिथं. अनाथ मुलं काही पर्यटनस्थळं बघून जन्माला येत नाहीत. आणि त्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात.

धाकट्याच्या मिठीचा अर्थही मग कळला. रुमानियात २००० साली बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ बाळांचा अभ्यास सुरू झाला. काहींना कुटुंबांत ठेवलं, काही संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीनं, बोलण्यानं, मनानं पुढं निघाली. संस्थेतल्या मुलांमध्ये जी खूण वारंवार दिसली ती हीच, येणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाला जाऊन बिलगणं. आपण तिला प्रेम समजतो. ते मूल ज्या माणसाची वाट बघतं तो कुणी एक उरलेलाच नसतो, म्हणून ते सगळ्यांकडे जातं.

मुलांच्या कल्याणाचं काम पाहणाऱ्या सरकारी कचेरीत आम्ही गेलो. एकदा, दोनदा, सहा वेळा. यांना सरकारी कचेरीची सवय, ते डबा घेऊन बसायचे. संचालकांनी शेवटी अडवलं नाही. चैत्र संपता संपता पत्र मिळालं आणि नव्या वर्षाच्या शाळेआधी आई मुलीला न्यायला आली. आम्हीही बरोबर गेलो.

तो प्रवास गोड झाला असं वाचकांना वाटेल. तसं नव्हतं. आई तमाङ बोलायची, मुलगी ती भाषा विसरली होती. तिला नेपाळी आणि इंग्रजी यायचं. बसमध्ये दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी भावंडं लाजून दाराआड. रात्री ढिंडो वाढला, मक्याच्या पिठाची उकड म्हणा. पोरीनं ताट सरकवलं, भात मागितला. भात नव्हता. आईनं काही न बोलता शेजारून वाटीभर तांदूळ आणले. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो? पहाटे जाग आली तेव्हा पाहिलं, दोघी एकाच गोधडीत होत्या. एवढंच मी पाहिलं. दुपारी आम्ही निघालो तेव्हा पोर रडली, ती आमच्यासाठी. आई बाजूला उभी होती. तिच्यासमोर ते रडणं घेताना मला फार अवघडलं.

चार दिवसांनी आम्ही बालगृह सोडलं. बाकीची बावीस मुलं तिथंच होती. धाकट्याला मी आठ महिने कुशीत घेऊन झोपले होते. निघताना त्याला उचलायला गेले, तर तो कडेवरून खाली उतरला. त्याच सकाळी एक नवी मुलगी आली होती, गळ्यात कॅमेरा. तो धावत गेला आणि तिच्या कमरेला मिठी मारली. ‘आमा’ म्हणाला. तिचे डोळे भरून आले. मी रिक्षेत बसले.

दोन वर्षांनी, २५ एप्रिल २०१५ ला, नेपाळात मोठा भूकंप झाला. नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. रामेछाप हा सर्वाधिक फटका बसलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक. पाच दिवस फोन लागला नाही. ते पाच दिवस मी देवापुढं बसले आणि एकच प्रश्न, तिला तिथं नेलं कुणी? आम्ही. सहाव्या दिवशी तिचा आवाज आला. घर पडलं होतं, माणसं शेतात होती म्हणून वाचली. ती म्हणाली, ‘‘बज्यै, भात खानुभयो?’’ जेवलात का? तिकडे ख्यालीखुशाली अशीच विचारतात. पत्र्याखाली झोपणारी पोर मला विचारत होती.

भूकंपानंतर आईबापांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर नेपाळ सरकारनं बंधनं घातली. २०१८ साली तिथं मुलांविषयीचा नवा कायदा झाला, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानणारा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, त्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली गेली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अशा स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख आला. आमच्यासारख्या भल्या माणसांमुळे काय होतं, हे जगाला कळायला बराच वेळ लागला.

आपल्याकडे वारानं जेवून, माधुकरी मागून शिकलेली माणसं कितीतरी झाली. सात घरची माणसं त्यांना वाढत होती, पण आई गावी आहे हे कुणी पुसून टाकलं नाही. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानं पुढं आपल्या नावातला ‘अनाथ’ शब्द काढून पुणे विद्यार्थी गृह असं नाव घेतलं, याचं मोल मला आता कळतं. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत तर मूल संस्थेत न जाता कुटुंबातच राहावं म्हणून दरमहा पैसे मिळतात. नाशिकला परतल्यावर आम्ही त्याच कामाला लागलो. विधवा बायांचे अर्ज भरून द्यायचे, कागद गोळा करायचे, कचेरीत डबा घेऊन बसायचं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तरी लोक मला विचारतात, ‘‘आम्हालाही परदेशात अनाथाश्रमात सेवा करायची आहे, कुठं जावं?’’ मी त्यांना तोडून बोलत नाही, मीही तशीच गेले होते. एवढंच सांगते, की जाण्याआधी विचारा, या मुलांचं गाव कुठलं, आणि गावी कोण आहे? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या फाटकातून आत जाऊ नका. आणि द्यायचेच असतील तर ते पैसे मूल ज्या घरातून निघतं त्या घराच्या आसपास पोचतील असं पहा.

सोळाव्या वर्षी नेपाळात नागरिकतेचं प्रमाणपत्र काढतात, त्याला आईबापांचे कागद लागतात. खोट्या कागदांवर वाढलेली मुलं तिथं अडतात. आमच्या पोरीच्या आईनं लोखंडी पेटीतून नवऱ्याच्या प्रमाणपत्राची मळकी प्रत काढली आणि मुलीला घेऊन कचेरीत गेली. तो कागद मिळाल्यावर पोरीनं फोन केला होता. कागदावरचं सगळं मला वाचून दाखवलं; स्वतःचं नाव, बापाचं नाव, आणि मग जरा थांबून, आईचं.

धाकट्याचा पत्ता मला नाही. बालगृह काही वर्षांनी बंद झालं एवढं कळलं. तो आता सतरा-अठरा वर्षांचा असेल. दसऱ्याला मी सोनं वाटते तेव्हा त्याच्या कपाळावरचा मी लावलेला तो टिळा आठवतो. तो लावायचा मान कुणाचा होता, ते मी त्या वेळी विचारलं नव्हतं.